‘कौशल्य विकासास पात्र’ : दहावी नापास मुलांच्या हातात कात्री कोण देणार?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतल्या बुद्धविहारांत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. आम्हीही पिंपरीतल्या एका वस्तीत गेली काही वर्षे तो करतो. त्रिसरण-पंचशील, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, मग गुलाबाचे फूल आणि संविधानाची प्रत. मागच्या खेपेला सत्काराला आलेल्या एका मुलीने पांढरा कुर्ता घातला होता. तो अंगावर इतका नेमका बसला होता की आमच्यातल्या एका ताईंनी विचारले, "कुठून घेतलास गं?" ती म्हणाली, "घेतला नाही, शेजारच्या ताईने शिवून दिला."

ही शेजारची ताई म्हणजे सतरा वर्षांची मुलगी. आदल्या वर्षी ती गणित आणि इंग्रजीत नापास झाली आणि शाळा सुटली. त्या संध्याकाळी तिचे घर विहारापासून चार दारांवर असूनही ती आली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, तिथं पास झालेल्यांनाच बोलावतात ना?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही पास झालेल्यांनाच बोलावत होतो. हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला आहे आणि तो आधी आम्हाला, मग तुम्हाला विचारलेला आहे.

राज्य मंडळाने काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शब्द काढला आणि त्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला. शब्द चांगला आहे. पण पात्र ठरवल्यानंतर पुढे काय? कोणते कौशल्य, कोण शिकवणार आणि कोणत्या पायरीपर्यंत? आपल्या पट्ट्यात याचे उत्तर ठरलेले आहे. मुलगा असेल तर ओळखीच्या ठेकेदाराला फोन जातो आणि आठवड्याभरात तो चाकणच्या एखाद्या कंपनीच्या बसमध्ये हेल्पर म्हणून बसतो. मुलगी असेल तर पॅकिंग, हाऊसकीपिंग किंवा स्थळ. कौशल्याचा विकास इथेच संपतो.

आपल्या आईवडिलांच्या पिढीचे वेगळे होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग टेल्को आली, बजाज आली. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून दुष्काळात आलेल्या कित्येक सातवी-आठवी शिकलेल्या माणसांना इथे कायम नोकरी मिळाली. त्या पगारावर त्यांनी आम्हाला एम.ए. केले. आज तेच शिक्षण असलेल्या मुलाला मिळते ते ठराविक महिन्यांचे कंत्राट, मग ब्रेक, मग पुन्हा दुसरा ठेकेदार. म्हणजे कमी शिकलेल्या माणसाला कारखान्याचे जे दार एकेकाळी उघडे होते, ते बंद झाले आहे. अशा वेळी ही मुलगी सांगते की मला कपड्यांच्या लाईनमध्ये जायचे आहे, मला डिझाइन करायचे आहे. तेव्हा आपण तिला काय सांगतो?

आपल्यातले बरेच जण हसतात. फॅशन म्हणजे चंगळवाद, श्रीमंतांचे चोचले, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणतात. आमचे म्हणणे आहे की कपड्यांचा प्रश्न ज्यांना जातीचा प्रश्न वाटत नाही, त्यांनी आपला इतिहास पुन्हा वाचावा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असा नियम आहे. कोणी काय नेसायचे, साडी गुडघ्याच्या किती वर ठेवायची, दागिना कोणत्या धातूचा घालायचा, हे गावाने ठरवलेले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. त्यात त्यांनी साडी नेसण्याची ती पद्धत आणि ते जड दागिने टाकून द्या असे सांगितले. बायकांनी ते ऐकले आणि लगेच अंगावर आणले. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट हाही काही हौसेचा मामला नव्हता. ज्या समाजाला अंगभर कपडा नाकारला गेला, त्याचा नेता कसा दिसणार हे त्यांनी स्वतः ठरवले होते. तेव्हा कपडा कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार हा आपला जुना लढा आहे. डिझायनर म्हणजे तरी दुसरे कोण? कपडा कसा असावा हे ठरवणारा माणूस.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना काम मिळत होते, पण विणकाम खात्यात मिळत नव्हते. धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून पुन्हा भोकातून काढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. जास्त पगाराचे खाते तेच होते. आपल्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. तुमच्या मागण्यांत ही मागणी का नाही, असा त्यांचा सवाल होता. आपल्याला गिरणीत घेतले जाते एवढ्यावर ते समाधानी नव्हते. गिरणीत कोणत्या खात्यात घेतले जाते, हे त्यांनी विचारले.

हाच प्रश्न आज शिलाईच्या धंद्यात विचारायला हवा. या धंद्यातही खाती आहेत. सगळ्यांत खाली धागे कापणारा आणि काज-बटण करणारा. त्याच्या वर जुकी मशीन चालवणारा, ज्याला पीसवर पैसे मिळतात. त्याच्या वर कटिंग मास्टर. त्याच्या वर पॅटर्न काढणारा. आणि सर्वांत वर, ज्याच्या नावाने कपडा विकला जातो तो. मशीनवर बसलेला माणूस दिवसभर बाह्या जोडतो आणि दहा वर्षांनीही बाह्याच जोडत असतो. कात्री ज्याच्या हातात आहे तो कापड वाचवतो, माप ठरवतो, चूक झाली तर दुरुस्त करतो. म्हणून मालक त्याला धरून ठेवतो. कटिंग आणि पॅटर्न हे आजचे विणकाम खाते आहे. तिथे आता धोट्याचा विटाळ आडवा येत नाही. प्रमाणपत्र, इंग्रजी, भांडवल आणि ओळख आडवी येते. परिणाम मात्र बराचसा तोच होतो.

निवडणुकीच्या तोंडावर आपल्या वस्त्यांत शिलाई मशीनचे वाटप होते ते आठवा. फोटो निघतो, साडी मिळते, मशीन घरी येते. सहा महिन्यांनी त्याच मशीनवर टीव्ही ठेवलेला दिसतो. बायका आळशी आहेत म्हणून असे होत नाही. मशीन दिली, पण कटिंग कोणी शिकवले नाही, म्हणून होते. पिको-फॉल आणि उसवलेली शिवण यापलीकडे काम येत नाही आणि तेवढ्यावर घर चालत नाही. कात्री वाटणारा नगरसेवक आम्ही अजून पाहिलेला नाही.

आणि कटिंगला दहावीचा दाखला लागत नाही. ती मुलगी गणितात नापास आहे. आम्ही तिला ब्लाऊजचा खाका काढताना पाहिले आहे. छाती चौतीस, पाव भाग साडेआठ, त्यात सैलपणाचा इंच, गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागावरून, मग मुंढ्याचा आकार. हे सगळे ती वर्तमानपत्राच्या कागदावर खडूने, तोंडी हिशेब करत काढते. अपूर्णांक तिला येतात. शाळेने ते तिच्यापर्यंत पोहोचवले नाहीत, टेपने पोहोचवले.

जगातही असे घडले आहे. लंडनच्या टॅक्सी चालवणाऱ्याचा मुलगा अलेक्झांडर मॅक्वीन याने सोळाव्या वर्षी शाळा सोडली. त्याच्याकडे चित्रकला या एकाच विषयाची पात्रता होती. तो सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर अँडरसन अँड शेपर्ड या दुकानात उमेदवारीला लागला आणि कोट कापायला शिकला. पुढे तो सेंट्रल सेंट मार्टिन्स या प्रसिद्ध कला महाविद्यालयात पॅटर्न कटिंग शिकवण्याची नोकरी मागायला गेला. त्यांनी त्याला, पदवी नसताना, एम.ए.च्या वर्गात घेतले. १९९२ मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि १९९६ मध्ये पॅरिसच्या जिव्हांशी या घराण्याचा मुख्य डिझायनर झाला. ही गोष्ट सांगण्यामागे ‘तूही होशील’ असे खोटे आश्वासन नाही. लाखांत एक असा होतो हे आम्हाला माहीत आहे. पण क्रम बघा. आधी कात्री, मग त्या कात्रीच्या जोरावर महाविद्यालय. आपल्याकडे निफ्टच्या पदवीला आधी बारावी, मग प्रवेश परीक्षा, मग फी. हाताने सिद्ध केलेल्या माणसासाठी बाजूचे दार ठेवलेलेच नाही. ते दार मागणे हे आपले राजकीय काम आहे.

कौशल्य असूनही नाव नसेल तर काय होते, हे आपण जून २०२५ मध्ये पाहिले. प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर त्यांनी मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ते महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या चर्मकार बांधवांच्या हातांनी ही चप्पल घडली, त्यांच्या नावाला किंमत मिळावी यासाठी मात्र इटलीत वाद व्हावा लागला. दुसरीकडे मुंबईत सुधीर राजभर या कलावंताने ‘चमार स्टुडिओ’ उभा केला. ज्या शब्दाने शिवी दिली जाते तोच शब्द त्याने पिशवीवर छापला आणि धारावीच्या कारागिरांसोबत काम करून तो जगाच्या बाजारात नेला. धडा सरळ आहे. काम आपले असेल तर नावही आपले हवे.

इथे आमचे काही साथी एक गंभीर आक्षेप घेतात. ते म्हणतात, पोरांना शाळेतून काढून कारागिरीत घालणे म्हणजे पुन्हा जातीच्या धंद्यात ढकलणे नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजनाच बघा. शिंपी, चर्मकार, कुंभार, न्हावी, परीट असे १८ व्यवसाय, आणि भाषा ‘कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय’ आणि ‘गुरु-शिष्य परंपरे’ची. नोव्हेंबर २०२४ मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी केंद्राला कळवले की आहे त्या स्वरूपात ही योजना आम्ही राबवणार नाही. कुटुंबाच्या परंपरागत व्यवसायाची अट काढा आणि किमान वय १८ वरून ३५ करा, अशी त्यांची मागणी होती. मग त्यांनी जातीशी न जोडलेली स्वतःची योजना आणली.

पहिल्या मागणीशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. बापाचा धंदा पोराने करावा हे तत्त्व सरकारी शिक्क्याने परत येत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये हेच मांडले की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे आणि ती जन्माने ठरते. पण नीट विचार करा. शिवणकाम हे गावगाड्याने महाराला दिलेले कामच नव्हते. आपल्या वाट्याला मेलेले ढोर, वेशीची राखण आणि सांगावा नेणे होते. महाराच्या नातीने कात्री हातात घेणे म्हणजे परंपरेचे पालन नव्हे, तिचा भंग आहे. प्रश्न धंद्याचा नसतो, निवडीचा असतो. चर्मकाराच्या मुलाला चपलाच शिवायला लावणे ही जात. त्याच मुलाने किंवा बौद्ध मुलीने स्वतःच्या मर्जीने कपडा डिझाइन करणे हे स्वातंत्र्य.

दुसऱ्या मागणीबद्दल मात्र आमचे मत वेगळे आहे. वय ३५ केले तर आमची ही मुलगी आणखी सतरा-अठरा वर्षे ताटकळेल. तिला आत्ता हवे आहे. म्हणून आमची मागणी अशी की वय १८ च असू द्या, घराण्याची अट आणि भाषा काढा आणि प्रशिक्षणाला शाळेचा राहिलेला अभ्यास जोडा. आज या योजनेत पाच-सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, साहित्यासाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात पाच टक्के व्याजाने १ लाख रुपयांचे विनातारण कर्ज मिळते. शिक्षणाची अट नाही. पात्र असाल तर घ्या; तो आपल्याच कराचा पैसा आहे. पण पाच-सात दिवसांत कोणी कटिंग मास्टर होत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरा आक्षेप याहून जवळचा आहे. बाबासाहेब म्हणाले शिका, आणि तुम्ही पोरांना सांगता शाळा सोडली तरी चालेल? नाही, आम्ही तसे मुळीच सांगत नाही. शाळा सुटणे हा पराभवच आहे आणि त्याची कारणे जातीत, गरिबीत आणि पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत आहेत. आमचे म्हणणे एवढेच की शिकणे म्हणजे फक्त पदवी असा अर्थ आपण लावून बसलो आहोत. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे आपणच अभिमानाने सांगतो. मग आपल्या गल्लीतल्या मुलीला एका गुणपत्रिकेवरून का मोजतो? आणि शिवणाऱ्या मुलीलाही वाचता, हिशेब करता, करारावर सही करण्याआधी तो समजून घेता आलाच पाहिजे. नाहीतर तिची कात्री दुसऱ्याच्या फायद्यासाठी चालेल.

म्हणून या मुलामुलींना आम्ही जे सांगतो ते इथे लिहितो. पहिले, मशीनच्या आधी कटिंग शिका. वस्तीत किंवा पिंपरी कॅम्पात ज्यांचा हात चांगला आहे अशा मास्टरकडे वर्षभर राहा, पण पहिल्याच दिवशी ठरवून घ्या की आठवड्यातून किती वेळ तो कात्री हातात देणार. पीसवर काम केले तरी किमान वेतनाचा हक्क जात नाही, हे त्यालाही माहीत असू द्या. दुसरे, प्रत्येक कामाचा कागदी खाका जपून ठेवा, कपड्याचा आतून आणि बाहेरून फोटो काढा, माप आणि लागलेले कापड वहीत लिहा. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याची वही हेच त्याचे प्रमाणपत्र. तिसरे, आठवी पास असाल तर आयटीआयमध्ये ‘सोइंग टेक्नॉलॉजी’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ‘फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ला दहावी लागते. महापालिकेच्या मोरवाडीच्या आणि औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन यंदा कोणते अभ्यासक्रम आहेत ते समक्ष विचारा, आम्ही सोबत येऊ. चौथे, दहावी सोडू नका. नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा आहे, शाळा मध्येच सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. पाचवे, शिलाईचा भाव ठरवताना दोरा, अस्तर, वीज आणि स्वतःचे तास धरा. ओळखीच्यांना फुकट शिवून देणे ही माणुसकी नाही, ती जुनी बेगार आहे.

आता आपल्याबद्दल. १४ एप्रिलला पिंपरीच्या आंबेडकर चौकात जाऊन उभे राहा. निळे शर्ट, निळे फेटे, पांढऱ्या साड्या, लहान पोरांचे छोटे सूट. धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि २५ डिसेंबरला देहूरोडला, जिथे १९५४ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तिथेही तेच. हे सगळे कपडे कोण शिवते? आपण घाऊक बाजारातून आणतो आणि पैसा बाहेर जातो. एका मंडळाने शंभर शर्टांची ऑर्डर दोन महिने आधी वस्तीतल्या पाच मुलामुलींना दिली, निम्मे पैसे आगाऊ दिले, तर ती पाच मुले एका हंगामात कटिंगपासून हिशेबापर्यंत सगळे शिकतील. तसेच गणवेशाचे. चाकण-तळवडे-भोसरीच्या कारखान्यांत प्रत्येक कामगाराच्या अंगावर गणवेश आहे. आपल्या कामगार संघटना कँटीनबद्दल बोलतात, गणवेशाचे काम वस्तीतल्या बचत गटाला द्या असे एकदा तरी बोलल्या आहेत काय? डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, तेवढ्यात एक कटिंग टेबल, दोन जुकी आणि एक ओव्हरलॉक विहाराच्या मागच्या खोलीत उभे राहू शकते. हे कठीण नाही, फक्त डीजेवाल्याला नाही म्हणावे लागेल.

आमच्या बाजूने आम्ही सुरुवात केली आहे. यंदाच्या सत्काराच्या यादीत पास-नापास असा रकाना नाही. वर्षभरात ज्याने नवे काही शिकून दाखवले त्याला बोलावणे आहे. त्या मुलीला आम्ही दोन गोष्टी विचारल्या. रविवारी विहारात कटिंगचा वर्ग घेशील का? ती हो म्हणाली, पण फुकट नाही. हे ऐकून आम्हाला आनंद झाला. दुसरे, गणिताचा पेपर पुन्हा देशील का? त्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शिकवणार कोण?"

एम.ए. झालेल्या आम्हा सगळ्यांना हा प्रश्न आहे. रविवारी सकाळी दोन तास ती तुमच्या बहिणींना कात्री शिकवेल. त्याच खोलीत दुपारी दोन तास गणित आणि इंग्रजी शिकवायला कोण येणार ते सांगा.

जय भीम.